शिशाचं रान

ओगलेबाई आमच्या उंबऱ्यापाशी उकिडव्या बसून ब्रशानं धूळ गोळा करत होत्या आणि मी अंगणात कावेरीची वेणी घालत होते. मला लाज वाटली. सकाळीच घर झाडलं होतं, तरी पिशवीत चमचाभर धूळ जमली. बाई म्हणाल्या, यात तुमच्या झाडण्याचा काही दोष नाही, मला गावातल्या सगळ्याच घरांतली धूळ हवी आहे. मग त्या आत गेल्या आणि जिथं मालकांचे कपडे खुंटीला असायचे त्या कोपऱ्यातलीही थोडी धूळ त्यांनी वेगळ्या पिशवीत घेतली. कावेरी माझ्या हातातली वेणी ओढून घेत मान वळवून त्यांच्याकडे बघत होती, हसत होती. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला स्वतःचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं.

बाई तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, पायात पुरुषी बूट, डोक्याला रुमाल. आमच्या खडकओहळ गावात त्या आल्या त्या म्हशींमुळे. ओढ्याच्या काठी एका शेठनं पत्र्याची शेड टाकली होती. जुन्या बॅटऱ्या ट्रक भरभरून यायच्या. त्या कुऱ्हाडीनं फोडायच्या, आतलं शिसं काढून भट्टीत वितळवायचं, त्याच्या लाद्या ओतायच्या आणि उरलेलं ॲसिड ओढ्यात सोडून द्यायचं. गावातली दहाबारा माणसं तिथं कामाला होती. माझे मालक ज्ञानोबाही होते, सहा वर्षं. कोरडवाहू गाव आमचं, दर शनिवारी हातात पगार पडतो याचंच सगळ्यांना अप्रूप. पुढं ओढ्याचं पाणी पिऊन म्हशी पटापटा मरायला लागल्या, गाव खवळलं, अर्ज गेले, आणि साहेब लोक येण्याआधीच शेठ भट्टी उचलून पसार झाला. शेड तेवढी राहिली. मातीतलं शिसं राहिलं. ओढ्यालगतच्या विहिरींना आंबूस चव आली ती गेलीच नाही.

म्हशींचं सगळ्यांना दिसलं. कावेरीचं कुणाला दिसलं नाही. तीन वर्षांची असताना ही पोर भोंडल्याची गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. मग एकेक शब्द गळत गेला. पोट धरून बसायची, सपाट जमिनीवर अडखळून पडायची. मी अंगणवाडीत होते. दुसऱ्यांची पोरं माझ्यापुढं बसून रंग ओळखायची, आकडे म्हणायची, आणि माझी त्यांच्यातच मागं बसून फ्रॉकचं टोक चघळत राहायची. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं उशिरा सुधारते एखादी. बाईंनी तिला एकदाच नीट पाहिलं, तिच्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि मला म्हणाल्या, हिचं रक्त तपासायला हवं.

त्यांनीच आम्हाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं घर कुठं, पाणी कुठलं, पोर माती खाते का, सगळं विचारलं. वडील काय करतात, हेही विचारलं.

"शेती," मालक म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, शेठच्या भानगडीत आपलं नाव नको म्हणून बोलले असतील. मीही भट्टीचं नाव काढलं नाही.

कावेरीला सलाईनमधून औषध दिलं. ते औषध रक्तातल्या शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं, असं डॉक्टरनं समजावलं. खरंच रक्तातलं शिसं उतरलं. सोडताना तो म्हणाला की रक्तातलं निघालं, पण मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं आहे, ते माघारी येणार नाही. आणि पुन्हा त्याच मातीत, त्याच पाण्यावर राहिली तर हे परत चढेल. मी दोन्ही ऐकलं, पण मनात धरलं ते दुसरंच. माती साफ झाली तर पोरगी साफ होईल, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. आईच्या डोक्यात असे हिशेब आपोआप मांडले जातात.

म्हणूनच बाईंनी झाडांचं काढलं तेव्हा सगळ्यांत आधी मी हो म्हणाले.

त्यांचं सांगणं सोपं होतं. काही झाडं मातीतलं अन्न घेताना धातूही मुळांनी ओढून घेतात आणि खोडापानांत साठवतात. ती वाढवायची, कापायची, लांब नेऊन ठेवायची, पुन्हा पेरायची. दर कापणीला माती थोडी हलकी होते. सूर्यफूल चालेल, मोहरी चालेल. ओढ्याच्या कडेला वाळा लावायचा, म्हणजे त्याची खोल मुळं माती धरून ठेवतील आणि पावसात शिसं वाहून खालच्या विहिरींकडे जाणार नाही. कॉलेजकडून थोडं पाठबळ होतं, पण जमीन हवी होती. शेडच्या खालच्या अंगाला आमचीच पट्टी होती. तिथं कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं.

मालकांनी ती पट्टी नांगरली. बाईंनी ॲसिड मारायला चुना घालायला लावला, शेणखत घालायला लावलं. पाणी वरच्या आळीच्या विहिरीवरून बैलगाडीत पिंपं भरून आणायचं. पहिल्या खेपेला रोपं वीतभर वाढून पिवळी पडली. दुसऱ्या खेपेला गुडघ्याला लागली. तिसऱ्या खेपेला सूर्यफुलं फुलली, आणि कित्येक वर्षांनी त्या काळ्याठिक्कर तुकड्यावर पिवळा रंग दिसला. गाव बघायला आलं. म्हातारी माणसं बांधावर उभी राहून नुसती बघत राहिली. कावेरी फुलांकडे बोट करून काहीतरी म्हणाली. शब्द नव्हता तो, नुसता आवाज होता, पण मला तो शब्द वाटला.

आणि नेमकी तेव्हाच ती कापायची होती. दाणा भरायच्या आत कापायची, नाहीतर पोपट येतील, कुणी तेल काढेल, कुणाची शेळी घुसेल. शेतकऱ्याच्या हातानं फुलावर आलेलं पीक उभंच्या उभं कापायचं. मालक विळा घेऊन शिरले आणि मान वर न करता कापत गेले. बाईंनी पेंढ्या मोजून, वजन करून, खोडाचे तुकडे तपासायला नेले. सिमेंटचा एक खड्डा कॉलेजनं बांधून दिला होता, पेंढ्या त्यात टाकायच्या.

मालक त्या पट्टीवर असे राबायचे की मला नवल वाटायचं. एरवी ते तसे बेतानं काम करणारे. आता दिवस उगवायला रानात, जेवायला घरी यायचे तेही बोलावल्यावर. माझ्या मनाला एकच गोष्ट खुपायची. दवाखान्यातून आल्यापासून ते कावेरीला जवळ घेत नव्हते. आधी बापलेकीचं मोठं गूळपीठ होतं. कामावरून आले की ती पळत जाऊन त्यांच्या पायाला मिठी मारायची आणि ते तिला वर उडवून झेलायचे. आता ती हात पुढं करून यायची आणि ते बाजूला व्हायचे. बादलीपाशी बसून कोपरापर्यंत हात धूत राहायचे. पोरगी अशी निघाली म्हणून मन विटलं असेल, असं मला वाटायचं. त्याचा मला राग यायचा, आणि बोलायची हिंमत व्हायची नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बाई आकडे घेऊन आल्या. आम्ही तिघं बांधावर बसलो. झाडांनी काम केलं होतं, खोडात शिसं सापडलं होतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर काही आनंद नव्हता. शिसं मातीला फार घट्ट चिकटून बसतं, त्या म्हणाल्या. झाड त्यातलं अगदी कणभर उचलतं.

"मग किती वर्सं लागतील, बाई?" मालकांनी विचारलं.

"ज्ञानोबा, तुमच्या-माझ्या हयातीत नाही. कावेरीच्याही नाही."

मालकांनी मातीचं एक ढेकूळ उचललं. मग म्हणाले, "पोरीला दवाखान्यात जे औषध दिलं, तसलं मातीला देता येत न्हाई का? शिसं सुटं करणारं."

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "येतं. जवळजवळ तेच औषध मातीतही घालतात. झाडं मग दहापट उचलतात."

"मग घालू की."

"झाडं उचलतील त्याच्या कितीतरी जास्त शिसं सुटं होऊन पाण्याबरोबर खाली जाईल. आज ते वरच्या हातभर मातीत अडकून बसलंय. उद्या विहिरीत येईल, मग खालच्या वस्तीच्या विहिरीत. पोरीच्या अंगातून ते लघवीवाटे गेलं. मातीतून ते जाणार कुठं? मी नाही घालू देणार."

बाई म्हणाल्या की वाळा मात्र राहू द्या, निदान माती तरी ओढ्यात जाणार नाही. पेरणीचं काम इथंच थांबवणं बरं, कॉलेजही आता हात आखडता घेतंय. उठताना त्यांनी मला हळूच सांगितलं, उद्या अंगणवाडीत येते.

दुसऱ्या दिवशी पोरं खाऊ खाऊन घरी गेल्यावर त्या आल्या. लहान पोरांच्या बैठ्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, कौसल्याताई, हे तुम्हाला सांगावं की नाही यावर मी फार विचार केला. धुळीच्या तपासण्या कधीच्या येऊन पडल्या होत्या. तुमच्या अंगणात शिसं आहे, पण फार नाही. तुमची पट्टी गावापासून लांब आहे, कावेरी तिकडे कधी खेळायलाही जात नव्हती. तुमच्या विहिरीच्या पाण्यात होतं, पण तेवढ्यानं पोरीचं रक्त इतकं भरणार नाही. सगळ्यांत जास्त निघालं ते घरात, खुंटीखालच्या कोपऱ्यात. कामावरच्या कपड्यांतून आलेलं. कपड्यांतून, केसांतून, हातांतून.

माझ्या डोळ्यांपुढं ते राखी रंगाचे कपडे आले. मी ते पोरीच्या झबल्यांबरोबर एकाच टोपात भिजवत होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेठनं त्या माणसांना हात धुवायला साबणसुद्धा ठेवला नव्हता.

ज्ञानोबांना सांगू का, असं बाईंनी विचारलं. मी नको म्हणाले. म्हटलं, हे ऐकून तो माणूस उभा राहायचा नाही. बाईंनी मान हलवली आणि निघून गेल्या. मी खोली बंद केली आणि फळ्यावर काढलेली फळांची चित्रं पुसत बसले. एक सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की डॉक्टर जे म्हणाला होता ते खरं होतं. माती साफ झाली काय, न झाली काय, माझ्या पोरीचं त्यात काही उरलं नव्हतं.

पुढच्या पेरणीला मालकांनी पुन्हा बैल जुंपले. बी त्यांनी स्वतः बाजारातून आणलं होतं. पेरणी मी होऊ दिली. पण पीक उभं राहिलं आणि ते पुन्हा कापायला निघाले, तेव्हा विळा घेऊन मी त्यांच्या मागं गेले. एक सरी आम्ही दोघांनी बरोबरीनं कापली. शेवटी मी म्हणाले, "आता बास करा. बाईंनीच सांगितलंय, आपल्या जन्मात हे व्हायचं न्हाई. कशापायी जीव काढताय?"

ते थांबले नाहीत. कापता कापताच म्हणाले, "मग काय करू? बसू घरात?"

"पोरीपाशी बसा. ती वाट बघती तुमची. तिला वाटतं बाप रुसला."

तेव्हा ते थांबले. विळा मातीत टोचून उकिडवे बसले, पाठ माझ्याकडे.

"डाक्टरनं इचारलं ना, बाप काय करतो? तवाच कळलं मला," ते म्हणाले. "तो प्रश्न कशापायी इचारला, ते मी समजलो. तुला कळलं असंल नसंल, मला ठाव न्हाई. मी शेती म्हनलो. तुझ्यादेखत दुसरं तोंडातनं निघंना."

मी म्हणाले, मला बाईंनी सांगितलंय. ठाऊक नव्हतं तुम्हाला. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ठाव नसल्यानं तिच्या डोक्यातलं माघारी येतं व्हय?" त्यांनी हात पुढं करून बघितले, तळवे, मग उलटे. "रोज उचलून घ्यायचो तिला, ह्याच हातांनी. आता तिला हात लावायला गेलो का हात आखडतो. मी काय करू."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. जरा वेळानं ते उठले आणि राहिलेली सरी कापायला लागले. मीही कापू लागले. त्यानंतर मी त्यांना पेरू नका असं कधी म्हणाले नाही.

सिमेंटचा खड्डा भरला. कॉलेजचं माणूस येईनासं झालं. पेंढ्या न्यायच्या कुठं, हा प्रश्न पडला. असला कचरा घेणारी जागा लांब होती आणि ते लोक गावाकडून काही घ्यायला तयार नव्हते. म्हणून मालकांनी शेठची रिकामी शेड साफ केली, दाराला कुलूप लावलं आणि वाळलेल्या पेंढ्या तिथं रचायला सुरुवात केली. बाई सांगून गेल्या होत्या की जनावराला घालू नका, चुलीत घालू नका, तेवढं त्यांनी जिवापाड सांभाळलं. वर्षामागून वर्षं गेली. शेड आढ्यापर्यंत भरत आली. गावातली पोरं त्यांना वेडा म्हणायची. मातीचं म्हणाल तर तिच्यात काय फरक पडत होता तो आम्हाला दिसत नव्हता. पण त्यांना ती भरलेली शेड दिसत होती. कधीतरी दार उघडून ते नुसते बघत उभे राहायचे. एवढं तरी मातीतून वर आलं, एवढं तरी एका जागी धरून ठेवलंय, असं त्यांच्या मनात असावं.

चैत्रातली दुपार होती. कावेरी तेव्हा पंधराची. अंगानं भरलेली, उंच, पण मन तीनचार वर्षांच्या पोराचं. मी अंगणवाडीतून आले तर ओढ्याकडून धूर उठत होता. शेजारच्या रानात कुणीतरी बांध पेटवला होता, वारा फिरला आणि जाळ शेडला लागला. आम्ही पळालो. मालक माझ्या पुढं होते. पण वाळलेलं सूर्यफूल ते, कितीतरी वर्षांचं, कागदासारखं पेटलं. पत्रे तडतडून वाकले. पाण्याचा टँकर दोन दिवसाआड यायचा आणि तो दिवस त्याचा नव्हता. माणसं घागरी घेऊन आली आणि लांबच उभी राहिली.

धूर सरळ वर न जाता गावाकडं वळला. आणि थोड्या वेळानं राख पडायला लागली. करडी, मऊ, हलकी. पिंपळावर, कौलांवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, माणसांच्या खांद्यांवर.

आम्ही घराकडं धावलो. कावेरी अंगणात उभी होती. तोंड वर, हात पसरलेले, आणि राखेचे तुकडे झेलत मोठमोठ्यानं हसत होती. तिच्या केसांवर राख होती, ओठांवर राख होती. ती एक तुकडा जिभेवर घेत होती.

मालकांनी तिला उचललं. पंधरा वर्षांची, जवळजवळ त्यांच्याएवढी पोर. दोन्ही हातांनी कवळून उचललं आणि घरात शिरले, दार लावून घेतलं. मी बाहेरच राहिले. आतून हंड्यात तांब्या बुडवल्याचे आवाज येत होते. ते तिचं तोंड धूत होते, पुन्हा पुन्हा धूत होते, आणि ती अजून हसत होती. बापानं उचललं म्हणून हसत होती.

आठवड्यानं बाई आल्या. निवृत्त झाल्या होत्या, गुडघे दुखत होते, मुलाच्या गाडीवरून आल्या. त्यांनी ठिकठिकाणची माती घेतली, घराघरातली धूळ घेतली. पुढं कळवलं ते एवढंच: शेडमधल्या पेंढ्यांत जे एका जागी होतं, ते आता गावभर झालंय. पट्टीतली माती मोजली तर सुरुवातीला होती जवळपास तशीच. बाई मालकांची माफी मागायला लागल्या तेव्हा त्यांनी हात जोडले. म्हणाले, तुमचं काही चुकलं न्हाई, तुम्ही खरं तेच सांगितलं होतं. आता बी आणायचं न्हाई एवढंच.

त्यांनी परत पेरलं नाही. वाळा आपणहून टिकून आहे, ओढ्याच्या कडेनं. मालक दिवसभर कावेरीपाशी बसतात. ती आता पंचविशीची आहे. तिला जेवण भरवायला बापच लागतो, माझ्या हातचं ती घेत नाही. घर विकून जावं म्हटलं तर या गावात घर घेणार कोण? मग आम्ही सगळे इथंच आहोत.

मी अंगणवाडीतलं काम अजून सोडलेलं नाही. गावात कुणाचं लग्न झालं, कुणाला दिवस गेले की मी त्या घरी जाते. त्या पोरींना सांगते की कोरडा झाडू वापरू नका, त्यानं धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं घरापासून लांब धुवा. बाळाचे हात जेवायच्या आधी धुवा. बाहेरची वहाण उंबऱ्याबाहेर काढा. परवा वरच्या आळीत धायगुडेंच्या नव्या सुनेकडं गेले होते. तिचं पोर रांगायला लागलंय. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, फडकं पिळून माझ्यासमोरच पुसायला बसली. पुसता पुसता तिनं विचारलं, "ताई, पुसल्यानं जातं का हे?"

तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

"न्हाई जात," मी म्हणाले. "तू पूस."